सिस्टीममधला स्टॉक आणि रॅकवरचा माल कधीच जुळत नाही, नक्की पद्धत काय ठेवायची?

नवखा_स्टोअरकीपर:
नमस्कार मंडळी. चार महिन्यांपूर्वी माझ्या गळ्यात गोडाऊन पडलं, त्याआधी मी खरेदीत होतो त्यामुळे माल मागवायची सवय आहे पण सांभाळायची नाही. साधारण अडीच हजार आयटम आहेत, फिटिंग, नटबोल्ट, सुटे पार्ट, एका कोपऱ्यात थिनर-क्लीनर वगैरे केमिकल. दोन शिफ्टमध्ये मिळून बारा माणसं, एक फोर्कलिफ्ट, तीन हँड पॅलेट ट्रक.

प्रॉब्लेम असा की दर महिनाअखेरीला दोन दिवस काम बंद ठेवून आम्ही सगळं मोजतो, फरक निघतो, साहेब सही करतात, सिस्टीममध्ये आकडे दुरुस्त होतात आणि पुढच्या महिन्यात परत तोच तमाशा. गंमत म्हणजे एकूण फरक अर्धा टक्कासुद्धा नसतो, वर जो रिपोर्ट जातो तो एकदम छान दिसतो. पण पिकिंगवाला, म्हणजे ऑर्डरप्रमाणे माल काढणारा, स्लिप घेऊन जागेवर गेला की तिथे माल नाही, मग शोधाशोध, मग तो दुसऱ्याच कुठल्यातरी रॅकवर सापडतो किंवा सापडतच नाही.

अजून एक, फोर्कलिफ्टने मागच्या महिन्यात रॅकच्या एका खांबाला धक्का दिला, खांब खालच्या बाजूला जरासा वाकलाय, सगळे म्हणतात चालतंय काही होत नाही. एसओपीची, म्हणजे कामाच्या ठरलेल्या पद्धतींची, जाडजूड फाईल आहे आमच्याकडे, पण खरं सांगतो ती मी पण दोनदाच उघडलीय. जे खरोखर रोज पाळता येईल असं कोणी सांगेल का, कुठून सुरुवात करू?

जुनं_खोड:
आधी खांब. बाकी सगळं नंतर वाच. आत्ता उठ आणि त्या खांबाच्या दोन्ही बाजूच्या खणांवरचा माल खाली उतरवायला सांग, वरपासून खालपर्यंत सगळा, आणि तिथे फीत बांध. "काही होत नाही" म्हणणाऱ्याला त्या रॅकखाली तासभर उभं राहायला सांग म्हणजे तो काय म्हणतो बघ.

झालं? आता आकड्यांकडे येऊ. तुझा अर्धा टक्का फरक हा आकडाच फसवा आहे. एका जागेवर ४० नग जास्त निघाले आणि दुसऱ्या जागेवर ४० कमी, तर बेरीज शून्य, रिपोर्ट एकदम चकाचक, आणि प्रत्यक्षात दोन्ही जागा चुकीच्या. अचूकता जागेगणिक मोजायची असते. १०० जागा मोजल्या, त्यातल्या किती ठिकाणी आयटम पण बरोबर आणि नग पण बरोबर, तेवढेच मार्क. ८२ बरोबर असतील तर अचूकता ८२ टक्के, कमी-जास्त एकमेकांत वळते करायचे नाहीत. हा आकडा पहिल्यांदा काढशील तेव्हा धक्का बसेल, आणि साहेबांना दाखवायचं तुझ्या जिवावर येईल, पण दाखव.

दुसरं म्हणजे मोजून आकडा दुरुस्त केला की काम झालं असं समजणं बंद कर. तुम्ही दर महिन्याला फरशी पुसताय आणि नळ चालूच आहे. फरक मोजणीत तयार होत नाही, तो माल हलतो तेव्हा तयार होतो. आणि माल हलायच्या जागा मोजक्याच असतात, आवक, जागेवर लावणं, पिकिंग, जावक, परत आलेला माल, आणि मोडतोड-भंगार. यातली कुठली गळते ते शोधायचं.

माझा अनुभव विचारशील तर अर्धी पापं आवकच्या दारात होतात. गाडी लागली, ड्रायव्हरला घाई, चलनावर सही मारली, माल आत ओढला, मोजणी "नंतर". ते नंतर कधी येत नाही. आमच्याकडे शेवटी एकच नियम ठरवला, मोजल्याशिवाय पावती (सिस्टीममधली आवकची नोंद) नाही, पावतीशिवाय लेबल नाही आणि लेबलाशिवाय माल आवकच्या पट्ट्याबाहेर जाणार नाही. जमिनीवर पिवळा रंग मारून चौकोन आखला, त्याच्या बाहेर बिनलेबलाची पेटी दिसली की शिफ्ट इनचार्जला विचारणार. पहिले दोन आठवडे गाड्या रखडल्या आणि शिव्या मी खाल्ल्या. मग सवय झाली.

आणि युनिट बघ, युनिट! पुरवठादाराने १२ च्या पेटीऐवजी १० ची पेटी सुरू केली आणि कोणी सांगितलं नाही, सिस्टीम बापडी प्रत्येक पेटीला १२ लिहितेय. ५० पेट्या आल्या की १०० नग हवेतच गायब. असला फरक कोणी चोरी म्हणून वर्षभर शोधत बसलेला मी पाहिलाय.

थोडक्यात_सांगतो:
सिस्टीममध्ये निगेटिव्ह स्टॉक, म्हणजे शिल्लक शून्याच्या खाली जाऊ देणं, चालू ठेवलाय का? असेल तर आधी बंद करा. अर्धे प्रॉब्लेम तिथेच संपतील.

जुनं_खोड:
@थोडक्यात_सांगतो नाही पटलं भाऊ. एकदम बंद केलं की काय होतं, माल समोर रॅकवर आहे पण पावती झालेली नाही म्हणून सिस्टीम सोडत नाही, दारात गाडी उभी, मग पोरं दुसऱ्याच आयटमच्या नावावर माल काढतात. एका चुकीच्या दोन झाल्या. मी म्हणेन दोन महिने निगेटिव्ह चालू राहू दे पण रोज सकाळी त्याची यादी काढ, प्रत्येक ओळ म्हणजे काल कुठेतरी काहीतरी लिहायचं राहिलं याची चिठ्ठी आहे. फुकटची माहिती आहे ती. यादी रिकामी यायला लागली की मग बंद कर खुशाल.

थोडक्यात_सांगतो:
ओके, हे बरोबर वाटतंय. माझ्याकडे ३०० च आयटम होते त्यामुळे जमलं असेल.

रॅकवाली:
मी सहा वर्षं फक्त मोजणीचंच काम बघितलंय म्हणून तेवढ्यापुरतं लिहिते. महिनाअखेरीची ती दोन दिवसांची जत्रा बंद करा दादा. दमलेली माणसं, दोन दिवसांत अडीच हजार आयटम, शेवटच्या तीन तासांत तर लोक रॅककडे बघून अंदाजाने आकडा लिहितात, आणि त्या आकड्याने तुम्ही सिस्टीममधला कदाचित बरोबर असलेला आकडा खोडता. म्हणजे मोजणीमुळेच नवीन चुका घुसतात.

त्याऐवजी रोज थोडं मोजायचं. याला सायकल काउंट म्हणतात हे माहीत असेलच. आयटमचे तीन गट करायचे, ए, बी आणि सी. तुमच्या अडीच हजारांत समजा २५० ए गटातले, ते दर महिन्याला एकदा, ५०० बी गटातले ते तीन महिन्यांतून एकदा, उरलेले १७५० वर्षातून दोनदा. गुणाकार करून बघा, ३००० अधिक २००० अधिक ३५००, म्हणजे वर्षाला ८५०० मोजण्या. कामाचे २५० दिवस धरले तर दिवसाला ३४. दोन माणसं, सकाळी पिकिंग सुरू व्हायच्या आधी, दीड-दोन तासांत होतं. दुकान बंद ठेवायची गरज नाही.

गट पाडताना बहुतेक जण फक्त किमतीकडे बघतात. पुस्तकात तसंच आहे, पण माझं मत वेगळं, जो आयटम दिवसातून वीस वेळा हलतो तो स्वस्त असला तरी ए मध्ये टाका कारण जितके हात लागतात तितक्या चुका. आणि ज्याच्यावाचून अख्खं काम अडतं असा एखादा फडतूस वॉशर असेल तर तो पण ए.

मोजणाऱ्याच्या कागदावर सिस्टीमचा आकडा छापू नका. ही एक गोष्ट केलीत तरी खूप. कागदावर ११८ दिसलं की माणूस ११२ पर्यंत मोजतो आणि "असतील मागे सहा" म्हणून ११८ लिहितो, यात बदमाशी नसते, डोकंच तसं चालतं. फक्त जागा आणि आयटम द्या, आकडा त्याने आणायचा. फरक आला तर दुसऱ्या माणसाने परत मोजायचं, पहिल्याला विचारायचं नाही. आणि मोजणारा आणि सिस्टीममध्ये दुरुस्ती टाकणारा एकच माणूस नको, कोणावर संशय म्हणून नाही, उद्या आळ आला तर त्या बिचाऱ्यालाच बरं.

मोजताना त्या जागेचा व्यवहार थांबलेला हवा. पिक झालंय पण सिस्टीममध्ये सोडलेलं नाही, किंवा पावती झालीय पण माल अजून खालीच पट्ट्यात आहे, असं असेल तर फरक खोटा दिसणार. दुरुस्ती टाकायच्या आधी या दोन गोष्टी बघायच्याच.

एक आळशी युक्ती पण सांगते, जागा रिकामी होते तेव्हा मोजा. सिस्टीम म्हणते इथे शून्य, पिकिंगवाला तिथे उभाच आहे, त्याने एक बटण दाबून "खरंच शून्य" सांगायचं. शून्य मोजायला एक सेकंद लागतो, पाचशे मोजायला अर्धा तास.

नवखा_स्टोअरकीपर:
खांबाच्या दोन्ही बाजूचा माल उतरवला, दुपार गेली त्यात. उतरवताना वरच्या खणात तीन पेट्या सापडल्या ज्या गेल्या महिन्यात आम्ही "हरवल्या" म्हणून लिहून टाकल्या होत्या 🙈

रॅकवाली ताई, आकडा न छापता मोजायची आयडिया उद्यापासून. पण एक शंका, फरकाचं कारण सापडत नाही तोवर आकडा तसाच चुकीचा ठेवायचा का? पिकिंगवाला तर रोज आपटतोय.

रॅकवाली:
नाही, दुरुस्ती टाका, पण कारणाशिवाय टाकू नका. दुरुस्तीच्या वेळी एक कोड निवडायला लावा, चुकीची जागा, युनिटची चूक, नोंद राहिली, मोडतोड, आणि "कळलं नाही". महिन्याने बघा कुठला कोड किती वेळा. "कळलं नाही" सगळ्यात जास्त असेल तर अजून एक उपाय आहे. ५० जागा निवडा, सगळ्या प्रकारच्या, आणि त्याच त्या ५० रोज मोजा. हो, रोज. काल बरोबर होती आणि आज चुकली तर चूक गेल्या चोवीस तासांत झाली, त्या जागेवरचे तीन-चार व्यवहार काढा, कोण कोण गेलं होतं त्यांना प्रेमाने विचारा. महिन्याभराने विचारलंत तर कोणाला काय आठवणार. दहा-पंधरा दिवसांत दोन-तीन मोठी कारणं हाताला लागतातच.

हेल्मेटधारी:
मोजणीवर लोक बोललेतच, मी सुरक्षेचं बघतो म्हणून खांबावर येतो. "जरासा वाकलाय" याला माप असतं. युरोपात ईएन १५६३५ नावाचं मानक आहे, रॅक बनवणारे बरेच जण तेच वापरतात. १ मीटरची सरळ पट्टी खांबाला लावायची, वाकलेला भाग मधोमध येईल अशी, आणि पट्टी व खांब यातली फट मोजायची. आडव्या बीमच्या दिशेने वाकला असेल तर ५ मिमीपर्यंत चालतं, रॅकच्या खोलीच्या दिशेने म्हणजे आत किंवा बाहेर वाकला असेल तर फक्त ३ मिमी, आणि दोन खांबांमधल्या तिरप्या पट्ट्यांना १० मिमी. त्याच्या वर गेलं की पिवळं, म्हणजे एकदा रिकामा झाला की दुरुस्तीशिवाय परत भरायचा नाही. दुप्पट झालं की लाल, ताबडतोब रिकामा. चीर गेली असेल किंवा पत्रा चुरमडला असेल तर पट्टी काढूच नका, सरळ लाल. आणि गरम करून हातोड्याने सरळ करायची हौस कोणी करू नये, तो पार्ट बदलायचा, त्याच कंपनीचा.

बीमच्या टोकाला एक छोटी लॉक पिन असते ती बऱ्याच ठिकाणी गायब असते. ती नसेल आणि काटे वर उचलताना बीमला खालून ढुशी लागली तर बीम उचकटतो आणि पॅलेटसकट खाली. आठवड्यातून एकदा कोणीतरी टॉर्च घेऊन फक्त पिना बघत फिरलं पाहिजे.

फोर्कलिफ्टने खांब का ठोकला हे विचारलं का? नव्वद टक्के वेळा ड्रायव्हरला बोलून विषय संपवतात (हा नव्वद माझा आपला बोलण्यातला, मोजलेला नाही). फोर्कलिफ्टची मागची चाकं वळतात, त्यामुळे वळताना शेपटी बाहेर फिरते, गल्लीत कोणीतरी "तात्पुरतं" पॅलेट ठेवलेलं असलं की ड्रायव्हरला वळायला जागा कमी पडते आणि शेपटी खांबाला लागते. आणि नीट बघा, ते गल्लीतलं तात्पुरतं पॅलेट सिस्टीममध्ये कुठल्याच जागेवर नसतं. म्हणजे ज्या मालाने खांब वाकवला तोच तुमच्या मोजणीत हरवलेला माल. मी आणि स्टोअरवाले वर्षानुवर्षं वेगवेगळे कागद भरत होतो आणि दोघं एकाच पॅलेटच्या मागे होतो, हे मला फार उशिरा कळलं.

बाकी फोर्कलिफ्टचं पटकन, चालताना काटे जमिनीपासून १५-२० सेंमीवर, वर उचलून फिरायचं नाही, उतारावर भरलेली असेल तर माल नेहमी चढाच्या बाजूला, म्हणजे उतरताना रिव्हर्समध्ये. काट्यांवर माणूस उभा करून वरची पेटी मोजायला लावणं, हे मोजणीच्या दिवशी सर्रास चालतं, ते आजपासून बंद. वरच्या खणाची मोजणी करायची तर पॅलेट खाली घ्या किंवा पिंजरा असलेली मान्यताप्राप्त शिडी-लिफ्ट वापरा.

बॅटरीवाली असेल तर चार्जिंगची जागा हवेशीर पाहिजे. लेड ॲसिड बॅटरीतून चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि हवेत ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. तिथेच थिनर ठेवलेला मी बघितलाय. तुमचं केमिकल कुठे आहे?

नवखा_स्टोअरकीपर:
चार्जरच्या शेजारी नाहीये, पण समोरच्या रॅकवर आहे. म्हणजे दोन गल्ल्या सोडून. आणि ॲसिडवाला क्लीनर आणि ब्लीच एकाच खणात आहेत, "क्लीनर" म्हणून एकत्र लावलेत.

हेल्मेटधारी:
ब्लीच आणि ॲसिड आजच वेगळे करा. दोन्ही गळून एकत्र आले तर क्लोरीन वायू तयार होतो, बंद गोडाऊनमध्ये. दोघांमध्ये अंतर, दोघांखाली वेगवेगळे ट्रे, आणि एकावर एक तर अजिबात नको. प्रत्येक केमिकलसोबत सुरक्षा माहितीपत्रक येतं, १६ भागांचं, त्यातला ७ वा भाग साठवणीचा आणि १० वा कशासोबत ठेवायचं नाही त्याचा. बाकीचे सावकाश वाचा, हे दोन आज वाचा. जागा ठरवताना नावाच्या अक्षरावरून नाही, या १० व्या भागावरून ठरवायची.

अजून एक, स्प्रिंकलर असतील तर माल आणि स्प्रिंकलरचं तोंड यात किमान ४५ सेंमी मोकळं ठेवा नाहीतर पाणी पसरतच नाही.

नवखा_स्टोअरकीपर:
तीन आठवड्यांनी परत येतोय, धागा वर आणल्याबद्दल माफी.

खांब मोजला, बीमच्या दिशेने ८ मिमी निघाला, म्हणजे पिवळा. बदलून घेतला. पिना अख्ख्या गोडाऊनमध्ये १७ गायब होत्या.

जागेगणिक अचूकता काढली, ७१ टक्के 😐 साहेबांना दाखवली, ते पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत.

५० जागा रोज मोजल्या. सातव्या दिवशी पहिलं कारण सापडलं, १२ मिमी आणि अर्धा इंच फिटिंग शेजारी-शेजारी लावलेत, दिसायला सारखेच, फरक पाऊण मिमीच्या आत. एक जागा सतत कमी, शेजारची तेवढीच जास्त. म्हणून तर एकूण बेरीज छान दिसायची! आता दोघांना वेगवेगळ्या गल्लीत टाकलंय. दुसरं, दुरुस्ती विभागवाले न वापरलेले पार्ट संध्याकाळी स्वतः आणून रॅकवर ठेवतात, चांगल्या मनाने, नोंद कोणीच करत नाही. त्यांच्यासाठी दारात लाल पेटी ठेवली, परत आलेला माल तिथेच टाकायचा, आम्ही तपासून नोंद करून लावणार. एसओपीच्या फाईलमधली आवकची पानं काढून एका पानावर मोठ्या अक्षरात लिहिली आणि दारावर चिकटवली. बाकीची फाईल अजून कपाटात आहे.

आता अडकलोय सुट्या नटबोल्टवर. हजारोंनी असतात, हाताने मोजणं शक्य नाही, वजनकाट्यावर मोजतो पण दर वेळी वेगळा आकडा.

रॅकवाली:
७१ वर नाराज होऊ नका, निदान खरा आकडा आहे. सँपल किती नगांचं घेता?

नवखा_स्टोअरकीपर:
दहा.

रॅकवाली:
तिथेच आहे. समजा एक नट ३ ग्रॅमचा आणि काटा १ ग्रॅमपर्यंतच दाखवतो. दहा नट म्हणजे ३० ग्रॅम, त्यात अर्ध्या ग्रॅमची चूक सहज, म्हणजे जवळजवळ पावणेदोन टक्के. २००० नटांवर ती ३३ नटांची चूक होते. तेच १०० नटांचं सँपल घेतलंत तर ३०० ग्रॅममागे अर्धा ग्रॅम, २००० वर जेमतेम तीन-चार नट. एकदा १०० हाताने मोजा, एका नगाचं वजन आयटमच्या कार्डावर लिहून ठेवा, आणि नवीन लॉट आला की परत तपासा. रिकाम्या डब्याचं वजन डब्यावरच मार्करने लिहा, दर वेळी वेगळा डबा धरून शून्य करतात आणि मग फरक शोधत बसतात.

आणि २००० नटांत चार इकडे-तिकडे झाले तर सोडून द्या हो. सी गटाला थोडी सूट ठरवून ठेवा, ए गटाला नाही.

जुनं_खोड:
त्या १७ पिना लावल्या की नुसत्या मोजल्या?

नवखा_स्टोअरकीपर:
१४ लावल्या काका. तीन मागवल्यात, ते खण रिकामे ठेवलेत.